एका यंत्रावर सगळी लॅब टांगू नका

पत्र :
नमस्कार सर. मी नागपुरात एका अनुदानित मराठी शाळेत आठवी-नववीला गणित शिकवते. आमच्या लॅबमध्ये २२ संगणक आहेत, चालू १४. काही एका कंपनीने जुने झाले म्हणून दिलेले, काही आमदार निधीतले. बहुतेकांवर विंडोज ७, चारांवर १०, आणि खरं सांगायचं तर एकाचंही लायसन्स कोणाला सापडत नाही. संगणकाचे सर कंत्राटी होते, ते दिवाळीनंतर आलेच नाहीत. ‘मॅडम, तुम्हाला जमते’ म्हणून लॅब माझ्या गळ्यात पडली. भाचा म्हणतो, सगळीकडे विंडोजऐवजी लिनक्स टाक, ओपन सोर्स सॉफ्टवेअर एका सर्व्हरवर ठेव आणि तिथून सगळ्यांना वाट. मुख्याध्यापक म्हणतात, फुकट मिळून राहिलं म्हणजे काहीतरी गोम असेल, आणि वर्ड-एक्सेल का नाही शिकवत असं पालक विचारतील. शिवाय १० वर्षांच्या प्रश्नपत्रिका जुन्या फॉन्टमध्ये आहेत. मोठी भीती वेगळीच आहे. संचमान्यतेत, म्हणजे शाळेतली शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, मी अतिरिक्त ठरले आणि दुसऱ्या शाळेत गेले, तर हे सगळं कोण पाहील? लॅबची किल्ली बडे बाबूंकडे असते, ती मागण्यातच अर्धा तास जातो. काय करू?
– एक शिक्षिका, नागपूर

ताई,

तुमची ‘मोठी भीती’ मी आधी घेतो, कारण त्यात माझी स्वतःची फजिती आहे.

काही वर्षांपूर्वी एका शाळेत मी नेमकं तुमचा भाचा सांगतो तेच केलं होतं. एलटीएसपी नावाची एक व्यवस्था आहे, १९९९ पासूनची. एका दणकट यंत्रावर सगळं ठेवायचं, बाकीची यंत्रं नेटवर्कच्या केबलमधून सुरू होतात. त्यांना हार्ड डिस्कसुद्धा लागत नाही. एका यंत्राच्या जोरावर १८ पडदे उजळलेले पाहून मीच हरखून गेलो होतो. पुढे शाळा तपासणीच्या दिवशी सकाळी त्या एका यंत्राचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, गेला आणि अठराही पडदे काळे झाले. मी बर्डीच्या बाजारात जाऊन नवा आणेस्तोवर साहेब तर्री-पोहे खाऊन निघून गेले होते.

एसएमपीएस दोन तासांत बदलला. खरी चूक पुढच्या वर्षी उघडी पडली. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तीन महिने मी घराबाहेर नव्हतो, आणि सगळे पासवर्ड माझ्या डोक्यात. परत गेलो तर कोण्या दुकानदाराने सगळं पुसून पुन्हा चोरीचं विंडोज टाकून ठेवलं होतं. मी शाळेला काय म्हणणार? त्यांनी मला दोनदा फोन केला होता, मी दवाखान्यात होतो.

म्हणून भाच्याला सांगा, वाटायच्या वस्तू वाटू, पण शिक्षकाचं यंत्र बंद पडलं तरी बाकीच्या १३ जागी पोट्टे काम करत राहिले पाहिजेत. आणि जे यंत्राला लागू, तेच माणसाला.

गोमेचं आधी उरकून टाकू. ओपन सोर्स सॉफ्टवेअरचे परवानेच असे लिहिलेले असतात की कोणीही ते वापरावं, उघडून पाहावं, बदलावं आणि दुसऱ्याला द्यावं. १४ यंत्रांवर टाकलं काय आणि १४०० वर टाकलं काय, बिल येत नाही. ही चळवळ १९८३ पासूनची आहे, लिनक्स १९९१ पासूनचं. गोम असलीच तर ती तुमच्या शनिवारांत आहे, ते जाणार. उलट जोखीम आज तुमच्या लॅबमध्ये आहे. विंडोज ७ ची सुरक्षा-दुरुस्ती जानेवारी २०२० मध्ये थांबली, विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ ला. ११ ला टीपीएम २.० नावाची चिप लागते, ती तुमच्या दान आलेल्या यंत्रांत बहुधा नसणार. वर लायसन्स नाही. मुख्याध्यापकांना विचारा, कोणी तपासायला आलं तर कागद कुठला दाखवणार? आणि केरळचं सांगा. त्यांनी २००१ मध्ये ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ सुरू केलं. आता ते काम काइट ही तिथली सरकारी कंपनी पाहते आणि तिथल्या सरकारी-अनुदानित शाळांसाठी उबंटू या लिनक्सच्या प्रकारावर बेतलेली स्वतःची प्रणाली काढते. एका अख्ख्या राज्याचं चाललंय, आपल्या १४ यंत्रांचं काय घेऊन बसलात.

आता स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्या. सॉफ्टवेअर नंतर.

बंद पडलेल्या ८ यंत्रांना भंगार समजू नका, ते तुमचं सुट्या भागांचं दुकान आहे. एकेकाची रॅमची पट्टी काढा, तिच्या सोनेरी कडेवरून शाळेचं साधं खोडरबर दोनदा हलक्या हाताने फिरवा, भुसा फुंकून पुन्हा बसवा. दोन-तीन यंत्रं एवढ्यावरच उठून बसतात, दुकानदार याचेच पैसे घेतात. जी उठणार नाहीत त्यांची रॅम चालू यंत्रांत घाला. २ जीबीवर प्रणाली चालते, पण ब्राउझरच्या तीन टॅब उघडल्या की तिला धाप लागते. ४ जीबी झाली की वर्ग नीट चालतो. पैसे असलेच तर पहिले एसएसडी या वेगवान डिस्कवर घाला, १२० जीबीची पुरते. जुन्या यंत्राला त्याहून मोठा फरक कशानेच पडत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट, जिने मला एकदा अख्खा दिवस छळलं. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखी एक बॅटरी असते, सीआर२०३२. ती संपली की यंत्र दर सकाळी आपली तारीख विसरतं आणि दहा-पंधरा वर्षं मागे जाऊन बसतं. मग ब्राउझर प्रत्येक वेबसाइटला ‘सुरक्षित नाही’ म्हणतो, अपडेट अडून राहतात, आणि आपण नेटवाल्याच्या नावाने खडे फोडतो. आधी घड्याळ पाहा. चौदाही बॅटऱ्या एकदाच बदलून टाका, हे सांगायला मला कोणी नव्हतं.

कूलरचा झोत यंत्रांवर थेट येऊ देऊ नका. ओलसर हवा आणि उन्हाळ्यातली धूळ मिळून पंख्यांवर चिखलासारखा थर बसतो. आपल्याकडे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात तोवर तो दगड झालेला असतो.

प्रणाली कोणती, यावर पोरं रात्र-रात्र भांडतात. मी लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती सांगेन. ती हलकी आहे, विंडोजवाल्याला परकी वाटत नाही आणि २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. सीडॅक या सरकारी संस्थेचं बॉस लिनक्सही आहे, २००७ पासूनचं, आपल्या देशातलं, शाळांसाठी त्याची वेगळी आवृत्तीही आहे. तेही वाईट नाही. मिंट सांगण्याचं माझं कारण व्यवहारी आहे: ते उबंटूच्या घराण्यातलं आहे, आणि त्या घराण्यातलं काही अडलं तर ते सोडवून देणारा पोरगा इंजिनिअरिंग कॉलेजच्या कट्ट्यावर लवकर सापडतो. काहीही निवडा, पण चौदाही यंत्रांवर एकच.

टाकण्याआधी पेनड्राइव्हवरून मिंट नुसतं चालवून पाहता येतं, डिस्कला हात न लावता. तसं चालवून आवाज, नेट आणि मुख्य म्हणजे प्रिंटर तपासा. एचपीच्या बऱ्याच प्रिंटरांचा ड्रायव्हर मिंटमध्ये आधीच असतो. काही जुने छोटे लेझर मात्र फार भाव खातात. तसला निघाला तर त्याच्याशी कुस्ती न खेळता तो ऑफिसातच राहू द्या आणि लॅबमधून पीडीएफ पाठवा.

मग एक यंत्र, एकच, मनापासून तयार करा. लिब्रेऑफिस मराठी भाषेच्या पॅकसह, फायरफॉक्स ब्राउझर, आकाश दाखवणारं स्टेलॅरियम, छोट्यांसाठी जीकॉम्प्रि आणि टक्स पेंट, तुमच्या गणितासाठी जिओजेब्रा. मुलांसाठी एक साधं खातं, ज्याला काही टाकायचा-काढायचा अधिकार नाही. दुसरं खातं शिक्षकाचं. ‘पाहुणा’ खात्याच्या मोहात पडू नका. त्यातून बाहेर पडलं की सगळं पुसलं जातं, आणि ४० मिनिटं बसून काढलेलं चित्र गेलं म्हणून पाचवीतली मुलगी रडली की तुम्हाला घरी जेवण जात नाही. हे मी पाहिलेलं आहे.

हे यंत्र महिनाभर तुम्ही स्वतः वापरा. वर्गात न्या, पोट्ट्यांना त्याच्यावर सोडा. काय मोडतं, काय सापडत नाही, ते तेव्हाच कळतं. चौदा ठिकाणी चूक करण्यापेक्षा एका ठिकाणी केलेली बरी.

मग क्लोनझिला. हे तैवानमध्ये तयार झालेलं साधन तुमच्या यंत्राच्या डिस्कची हुबेहूब प्रतिमा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतं आणि दुसऱ्या यंत्रावर उतरवतं. इथे बहुतेक जण एका जागी अडकतात: ज्या डिस्कवर उतरवायचं ती मूळ डिस्कएवढी किंवा मोठी लागते. म्हणून तुमचं पहिलं यंत्र सगळ्यात लहान डिस्कचं निवडा. उतरवून झालं की प्रत्येक यंत्राचं नाव बदला, लॅब-०१, लॅब-०२ असं, आणि तेच नाव मोठ्या अक्षरात डब्यावर चिकटवा. मशीन-आयडी नावाची आतली ओळखही नवी करायची असते, नाहीतर दोन यंत्रं कधी कधी नेटवर्कवर एकच पत्ता मागत बसतात. ते भाच्याकडून करून घ्या, दोन ओळींचं काम आहे. पुसण्याआधी जुन्या यंत्रांतले स्नेहसंमेलनाचे फोटो काढून घ्यायला विसरू नका. ते कोणाच्या तरी ‘न्यू फोल्डर’मध्ये असतातच.

आता वाटायच्या गोष्टी. त्या शिक्षकाच्या यंत्रावर ठेवायच्या आणि राउटरमध्ये त्या यंत्राचा पत्ता पक्का करायचा.

पहिली, अपडेटची साठवण. अ‍ॅप्ट-कॅशर-एनजी नावाचा छोटा प्रोग्राम आहे. एका यंत्राने नेटवरून पॅकेज उतरवलं की त्याची प्रत तो ठेवून घेतो आणि बाकीच्या १३ यंत्रांना शाळेतल्या शाळेतच देतो. समजा महिन्याचे अपडेट अर्धा जीबीचे झाले, तर १४ यंत्रांना ७ जीबी लागले असते, आता अर्धाच लागेल. शाळेचं नेट कसं असतं हे तुम्हाला मी सांगायला नको. शिक्षकाचं यंत्र बंद असलं तर अपडेट उद्या होतील, वर्ग अडत नाही.

दुसरी माझ्या विशेष आवडीची. किविक्स. यात मराठी विकिपीडिया एका फाइलमध्ये उतरवून ठेवता येतो आणि शिक्षकाच्या यंत्रावरून सगळ्यांच्या ब्राउझरमध्ये दिसतो. नेट गेलं, पावसात केबल तुटली, तरी चालूच.

तिसरी, एक सामायिक फोल्डर. वर्गवार, आत हजेरी क्रमांकाने. त्याची एक प्रत दर शनिवारी बाहेरच्या डिस्कवर. चौथी, एपॉप्टिस. यात तुमच्या जागेवरून १३ पडदे छोटे छोटे दिसतात, हवा तो पडदा बंद करता येतो, तुमचा पडदा सगळ्यांना दाखवता येतो. तुमच्या यंत्रावर एपॉप्टिस आणि मुलांच्या यंत्रांवर त्याचा क्लायंट, तोही प्रतिमा घेण्याआधीच टाकून ठेवायचा. पडदे बंद करण्याचं बटण जपून वापरा, पोट्ट्यांना ते फार लागतं.

एवढ्याच चार गोष्टी. बाकी ज्याचं त्याच्याकडे. तुमच्या यंत्राचा एसएमपीएस तपासणीच्या दिवशी गेलाच, तर साहेबांना तेरा चालू पडदे दिसतील.

ऑफिसच्या संगणकाला मात्र हात लावू नका. यूडायस, सरल, शालार्थ ही सरकारी पोर्टलं म्हणजे ब्राउझरमधली कामं आहेत, ती फायरफॉक्समध्ये होतील. पण तिथे डिजिटल सहीचा डोंगल असतो, जुने फॉन्ट असतात, आणि बाबूंची वीस वर्षांची सवय असते. तिथे रीतसर लायसन्स घेतलेलं विंडोज राहू द्या. लॅब आणि ऑफिस एकाच दिवशी बदलायला निघालेल्या मुख्याध्यापकांना मी महिन्याभरात माघार घेताना पाहिलंय.

प्रश्नपत्रिकांचं दुखणं खरं आहे. कृतिदेव, श्रीलिपी वगैरे जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. फॉन्ट नसला की ‘खालील उदाहरणे सोडवा’च्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. यात लिनक्सचा काही दोष नाही, तुमच्या मोबाइलवरही तेच होतं. दहाही वर्षांच्या फाइली जुन्या यंत्रावर उघडून आधी पीडीएफ करून ठेवा, निदान वाचता तरी येतील. ज्या पुन्हा वापरायच्या त्याच युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत बदला, त्यासाठी रूपांतरक मिळतात. बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा, तिथे हमखास घोळ होतो. गणिताच्या तर चिन्हांवरही नजर फिरवा.

नवं मात्र इनस्क्रिप्ट या कळफलकाच्या मांडणीतच टाइप करायला शिकवा. मधल्या ओळीत डाव्या हाताला ो े ् ि ु आणि उजव्या हाताला प र क त च ट. डावीकडे मात्रा, उजवीकडे व्यंजनं, आणि गंमत म्हणजे के च्या बटणावरच क. १९९१ पासूनचं भारतीय मानक आहे हे. लिनक्स, विंडोज, मोबाइल, सगळीकडे तेच. मुलं आठ दिवसांत पकडतात, आपल्याला महिना लागतो.

पालकांसाठी सभेत भाषण करू नका. लिब्रेऑफिसची कॅल्क उघडा, वर्गाचे गुण भरा, बेरजेचं सूत्र लावा. एक्सेलमध्ये जे सूत्र लिहितात तेच इथे लिहितात. एखादी फाइल वर्डच्या स्वरूपात सेव्ह करून त्यांच्याच मोबाइलवर पाठवा. मुलगी पुढे एमएससीआयटीला बसली तर बटणं वेगळ्या जागी सापडायला तिला दोन दिवस लागतील, तेवढं खरं सांगून टाका.

तेवढ्याने नाही पटलं तर स्टेलॅरियम दाखवा. ठिकाण नागपूर, तारीख मेचा शेवटचा आठवडा, वेळ दुपारी बारा. मग मिनिटं पुढे न्या. सव्वाबाराच्या आगेमागे सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, कारण आपण २१ अंश ९ मिनिटं अक्षांशावर आहोत आणि तेव्हा सूर्यही तिथेच पोचलेला असतो. उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी जाते. मेमध्ये शाळेला सुट्टी असते. जुलैच्या मध्यानंतर सूर्य दुसऱ्यांदा तिथे येतो तेव्हा आभाळ भरलेलं असतं. म्हणजे आपल्या पोट्ट्यांना ही गोष्ट वर्गात पाहायला मिळतच नाही. पडद्यावर ढग बंद. हाच दिवस मुंबईला कधी, दिल्लीला कधी, असं विचारा. दिल्लीला तो कधीच येत नाही, हे एखादा पोट्टा स्वतः शोधून काढेल. तुम्ही गणिताच्या, पुढचं कोन आणि अक्षांशाचं मी काय सांगू.

आता तुमच्या बदलीचं. एक दोनशे पानी वही घ्या. पहिल्या पानावर कोणतं यंत्र काय आहे, किती रॅम, कधी काय बदललं. दुसऱ्यावर नेटवर्कचा कच्चा नकाशा, पेनने काढलेला. पुढे पहिलं यंत्र कसं तयार केलं ते, स्वयंपाकाची कृती लिहितो तसं, पायरी-पायरीने. पासवर्ड बंद पाकिटात, मुख्याध्यापकांच्या कपाटात, पाकिटावर तारीख. क्लोनझिलाची प्रतिमा असलेली डिस्क त्याच कपाटात. आणि हे सगळं शाळेच्या नावावर, तुमच्या किंवा भाच्याच्या खासगी मेलवर नको.

वहीपेक्षा महत्त्वाचा दुसरा माणूस. तो संगणकाचाच असावा असं काही नाही. चित्रकलेच्या सरांना बरोबर घ्या, किंवा विज्ञानाच्या बाईंना. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये मराठीतून छोटे धडे आहेत, दहा-दहा मिनिटांचे. अर्ध्या पडद्यावर धडा आणि अर्ध्यावर सॉफ्टवेअर उघडून तसंच करत जायचं. तेवढं त्यांना पुरेल. आणि १४ पैकी शेवटची ४ यंत्रं तुम्ही भरू नका. तुम्ही खुर्चीत बसा, हात मागे ठेवा, आणि वही वाचून त्यांना भरू द्या. ते जिथे अडतील ती ओळ वहीत कमी आहे, तिथल्या तिथे लिहून टाका. नववीतली दोन मुलंही बसवा, रॅम पुसायला तीच पुढे येतील.

किल्लीचं म्हणाल तर बडे बाबूंची बाजूही बघा. एक माउस गेला तर साठ्याच्या रजिस्टरवर सही त्यांची आहे. एक छोटं रजिस्टर त्यांच्याच टेबलावर ठेवा: वार, तास, वर्ग, नेताना मोजलेले माउस, आणताना मोजलेले माउस, सही. पंधरा दिवस एकही आकडा चुकवू नका. पहिल्या शनिवारी त्यांनाच लॅब-०१ वर बसवा आणि इनस्क्रिप्टमध्ये त्यांचं नाव त्यांच्याच बोटांनी लिहून घ्या. वेळ लागेल, मध्ये बोलू नका. लिहून झालं की मोठ्या अक्षरात प्रिंट काढून त्यांच्या हातात द्या.